कानिफ मेजर आणि पंचायतीचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आत्ता कुणी बटण दाबलेलं नाही. पण स्वस्थ असा मी कधीच नसतो. माझ्या पोटात एक चक्री आहे. वारा सुटला की ती आपोआप कुरकुरते आणि मला वाटतं, आता दाबलं कुणी, आता ओरडायचं!

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. लाल रंग दिला, दोन कर्णे बसवले आणि टेम्पोत टाकून मला सोनईजवळच्या या गावात आणलं. इकडे ऊस वाढला की बिबट्या येतो. शेळ्या गेल्या, बन्सीची कालवड गेली, तेव्हा ग्रामपंचायतीने मला घेतलं. शिपाई छगनने मला छतावर चढवून आवळून बसवलं. बटण खाली कचेरीच्या दाराशी.

उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठरलं. सरपंच जयमालाताई म्हणाल्या, "पुढाऱ्याला कशाला बोलवायचं? आपल्या गावात फौजी हाय की." फौजी म्हणजे कानिफनाथ. तो फौजेतून नाईक या साध्या हुद्द्यावर निवृत्त झालेला. पण आमच्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, तसा तो कानिफ मेजर.

कडक इस्त्रीचे कपडे घालून तो आला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. उद्घाटन कशाचं, हे मात्र त्याला कुणी धड सांगितलंच नव्हतं. "बटन दाबायचं, मेजर," एवढंच छगन म्हणाला.

त्याने दाबलं. मी खालच्या सुरापासून चढत चढत पार टिपेला गेलो. किती दिवस मी त्या क्षणाची वाट पाहत होतो! आणि वरून पाहतो तर काय, शाल चिखलात पडलेली आणि कानिफ "आडवे व्हा! आडवे व्हा!" असं ओरडत बन्सीला मानेला धरून खाली पाडतोय, स्वतः त्याच्या अंगावर पडतोय. पंचायतीचा सदस्य बन्सी, नव्या पांढऱ्या कपड्यांत, चिखलात पालथा!

छगनने धावत जाऊन मला बंद केलं. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "सकाळीच घेतलेली दिसतीय." कानिफ उठला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि नारळ तिथेच टाकून निघून गेला.

मशीन गंजू नये म्हणून मला रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायचं ठरलं होतं. लोकांना माझी लवकरच सवय झाली. बाया माझ्या आवाजावर चहा ठेवायच्या, कुत्री माझ्या सुरात सूर मिसळायची. पण छगनचा नेम नसे. कधी झाडलोट करून दाबायचा, कधी तंबाखू मळून झाल्यावर. त्यामुळे कानिफचं उजाडल्यापासून बिनसलेलं असायचं. छतावरून मला तो दिसायचा. अंगणात येई, आत जाई, पुन्हा येई. मग कालव्याच्या भरावाने एकटाच चालत सुटे, दूर, जिथवर मी पोचणार नाही तिथवर. पोरं त्याच्या पाठीमागे माझ्यासारखं ओरडायची. मला खाली उतरून त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटे. पण मला हात कुठले?

एक दिवस छगनने घाईत नेहमीपेक्षा लवकर बटण दाबलं. कानिफ आईला, आक्काबाईंना, मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात निघाला होता. गाडी सरळ रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेली. आक्काबाईंचा हात मोडला.

पुढच्या ग्रामसभेला कानिफची बायको माधुरी आली. पदर खोचून उभी राहिली.

"भोंगा बंद करा," ती म्हणाली.

बन्सी ताडकन उठला. "एका मानसासाठी बंद करायचा व्हय? उद्या बिबट्यानं लेकरू उचललं तर? आन् त्यो मेजर, त्यानं मला भर सभेत आपटलं!"

"आपटलं न्हाई, भाऊ." माधुरी त्याच्याकडे वळली. "सरहद्दीवर पलटणीत असताना तोफंचे गोळे पडायच्या आधी असाच सायरन व्हायचा. त्यांनी तुमाला अंगाखाली झाकलं हुतं. नगरला वॉचमनची नोकरी बी कंपनीच्या भोंग्यापायी सोडली त्यांनी. हे मला आत्ता, गाडी चारीत गेल्यावर सांगितलं. आमी समजत हुतो, माणूस आळशी झाला."

बन्सी हळूच खाली बसला.

ग्रामसेवक भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, "सन्मानासाठी तरतूद आहे ताई, शाल-नारळाची. बाकीचं आपल्या हातात—"

"मग ह्या वर्षी शाल नको," जयमालाताईंनी त्यांना थांबवलं. "भोंगा राहील. पन रोजचं वाजवणं बंद. बिबट्या आला, आग लागली, तरच. आन् बटनाला हात लावायच्या आधी माधुरीवैनीला फोन. छगन, ध्यानात ठेव. मागची खोली मोकळी करा. दर गुरुवारी आसपासच्या गावांतले फौजी तिथं बसतील. भाऊसाहेब, तुमी उद्याच नगरला सैनिक कार्यालयात जा. मनाचा डॉक्टर गावात कसा येईल ते इचारून या. पेन्शनीचं न्हाई, फौजींच्या उडालेल्या झोपंचं इचारा."

महिन्याभरात बिबट्या आलाच, भर दुपारी. छगनने आधी फोन लावला, मग मला सुरू केलं. ओरडता ओरडता माझं सगळं लक्ष कानिफच्या अंगणाकडे होतं. माधुरीने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले होते. तो लटलट कापत होता. पण उभा होता.

गुरुवारची बैठक सुरू झाली. खोलीत खुर्च्या आल्या, चहा आला, नगरहून डॉक्टरीणबाईही येऊन गेल्या. सोनईचे वैजनाथ सुभेदार सगळ्यांत थोरले, पिकल्या मिशांचे. कानिफ मात्र फाटकापर्यंत यायचा, गाडीला टेकून उभा राहायचा आणि माघारी जायचा. जयमालाताई हाक मारायच्या, "आत या ना, भाऊ." तो म्हणायचा, "हितंच बरं हाय."

एका गुरुवारी सुभेदार उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्याच्यासारखेच गाडीला टेकले.

"मला बी आत बसवत न्हाई," सुभेदार म्हणाले. "एकच दार हाय त्या खोलीला. सारखी मान तिकडं वळती."

कानिफने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

जयमालाताई दारातच होत्या. त्यांनी ते ऐकलं. आत गेल्या, दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाशी, रस्त्याच्या कडेला मांडल्या. मागून छगन खुर्च्या घेऊन आला, भाऊसाहेब किटली घेऊन आले. बघता बघता सगळी बैठक रस्त्यावर आली.

कानिफ खुर्चीच्या कडेवर बसला. चहा निवून गेला. मग मान खाली घालून तो म्हणाला, "सायरन झाला की पळत बंकरात शिरायचं. त्या दिवशी मी शिरलो, सुभेदारसाहेब. माझ्या मागचा शिरला न्हाई."

"नाव काय त्याचं?" सुभेदारांनी विचारलं.

कानिफने नाव सांगितलं. वारा उलटा होता, मला ते ऐकू आलं नाही. तिथल्या प्रत्येकाने मात्र ते ऐकलं.

आता माझा रंग उडालाय. एका कर्ण्यात चिमण्यांनी घरटं केलंय, ते छगन काढत नाही. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय. नवं कोण येईल, गुरुवार राहील की नाही, याचीच धाकधूक मला लागलेली असते. म्हणून, गावकऱ्यांनो, एवढंच सांगतो. सरपंच कुणीही करा, मला हवं तर भंगारात घाला. पण आज गुरुवार आहे, फाटकाशी मोटारसायकल येऊन थांबलीय, आणि खुर्च्या अजून आतच आहेत. कुणीतरी उठा.