भोंग्याची तालीम

विक्रमने भोंग्याचं बटण दाबलं आणि तो फाटकाकडे धावला. कवठे येमाईजवळच्या त्या डेअरीत दूध गार करायला अमोनिया वापरत. तो कधी सुटलाच तर काय करायचं, याची आज रंगीत तालीम होती. सुरक्षा अधिकारी विक्रम, आराखडा त्याचा, आणि फजिती झालीच तर तीही त्याचीच.

आतले कामगार शहाण्यासारखे ठरल्या जागी जमले. घोळ घातला तो शेजारच्या वस्तीने. भोंगा झाला की शाळेच्या मैदानात जायचं, वारा तिकडूनच येतो म्हणून वायू तिकडे जाणार नाही, असं विक्रमने दारोदार फिरून सांगितलं होतं. माना सगळ्यांनी डोलावल्या. आता तीच माणसं घागरी, घमेली घेऊन डेअरीकडेच पळत येत होती. कुठे आग लागली, कुणी विहिरीत पडलं, की धावून जायचं. वस्तीला एवढंच ठाऊक. सगळ्यांत पुढे, ओला पदर नाकाला लावून, विक्रमची आई मुक्ताबाई.

विक्रमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत सोडायचं न्हाई, वैनी," फाटकावरचे साहेबराव आडवे आले. "तुमच्याच पोराचा हुकूम हाय."

विक्रमने आईला बाजूला घेतलं.

"आई, काल सांगितलं होतं ना? वायू खरा असता तर सगळी वस्ती आडवी झाली असती."

"सांगितलंस की. पदर भिजवला न्हाई का?"

"आणि लांब पळायचं, ते?"

मुक्ताबाईंनी त्याच्या गळ्यातल्या मास्ककडे पाहिलं.

"तू कुठं पळणार व्हतास?"

गळती थांबवणारा व्हॉल्व बंद करायला आत कुणी जायचं, तिथे आराखड्यात विक्रमने स्वतःचंच नाव घातलं होतं. घरी ते सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"तू फाटकात उभी असलीस, तर माझं ध्यान व्हॉल्ववर राहील का?" तो म्हणाला.

मुक्ताबाईंनी पदर पिळला. मग वळून बायांवर खेकसल्या, "चला गं, शाळंकडं. घमेली ठिवा हितंच."

भोंगा पुन्हा झाला. या खेपेला वस्ती मुकाट मैदानात गेली. विक्रम मास्क चढवून आत शिरला आणि व्हॉल्व फिरवून आला.

सगळं आवरून तो मैदानात पोचला तेव्हा माणसं घरी गेली होती. मुक्ताबाई एकट्याच डेअरीकडे तोंड करून उभ्या होत्या. पदर वाळला होता, तरी मुठीत घट्ट धरलेला.

"झाला का बंद?"

"आई, ही तालीम होती नुसती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझी बी."