सात मजली मी आणि दोन जावा

मी सात मजली यंत्रमानव बोलतोय! दचकू नका. उंची सात मजल्यांची असली तरी माझा मुक्काम मोबाइलच्या खेळात आहे. मला चालवायला दोघं लागतात. एकाच्या फोनवर माझे पाय, दुसऱ्याच्या फोनवर माझे हात.

मला घडवणारी माणसं भलतीच हट्टी. इतर खेळांतले यंत्रमानव उडतात, गिरक्या घेतात. मला मात्र त्यांनी खरंखुरं वजन दिलं. इंजिन तापल्याशिवाय गुडघा वाकत नाही, तोल साधल्याशिवाय पाऊल उचलत नाही. लोक मला हौसेने फोनमध्ये घेत, मी दोन पावलांत नाकावर आपटे आणि ते मला पुसून टाकत. किती फोनांतून माझी हकालपट्टी झाली, विचारू नका!

मग मी एका लाँड्रीत आलो. दुकान दोन जावांचं. थोरली इस्त्री करायची, धाकटी कपडे धुवायची. एका गिऱ्हाइकाचा कोट हरवला आणि दोघींचं बिनसलं. ‘तुम्हीच भलत्याला दिलात’, ‘तूच कुठेतरी कोंबलास’, असं करत बोलणंच बंद झालं. एका खोलीत उभ्या राहून भिंतीला निरोप द्यायच्या. “कुणीतरी सांगा हो, साबण संपलाय!” शेवटी दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घालायचं ठरलं. सुताराला बोलावणं गेलं.

धुण्याची यंत्रं फिरत असताना धाकटी मला खेळायची. त्या दिवशी पाय तिच्याकडे, हात नवऱ्याकडे. त्या भल्या माणसाने पहिल्याच फटक्यात माझ्याच हाताने माझ्याच कानशिलात लगावली! मी धाडकन आडवा. “मला गरगरतंय बुवा,” म्हणत तो फोन टेबलावर टाकून गेला.

धाकटीने मला उठवलं. मी पुन्हा पडलो. पलीकडे थोरलीला राहवेना.

“अगं, आधी सगळा भार डाव्यावर घे, मग उजवा उचल! दिवसभर उभी असतेस, एवढं कळत नाही?”

धाकटीने चमकून वर पाहिलं. भिंतीला नव्हे, हे तर थेट तिलाच!

“मग तुम्हीच घ्या ना पाय, जाऊबाई!”

थोरलीने इस्त्री बंद केली, पदर खोचला आणि माझे पाय हाती घेतले. धाकटीने टेबलावरचा नवऱ्याचा फोन उचलला, माझे हात तिच्याकडे. अहाहा! जन्मात पहिल्यांदा मी चाललो. डुलत, करकरत, पण चाललो!

मोहीम अवघड होती. पूल तुटलेला, त्यावर माणसांनी भरलेली बस. ती उचलून नदीपार न्यायची.

“गाठोडं नाही ते! बाळासारखं धर!”

“तुम्ही हळू, मी वाकलेय!”

“डावा... थांब... आता!”

इतक्यात सुतार दारात. “भिंत कुठून घालायची?”

“थांबा!” दोघी एकदमच ओरडल्या.

तो बिचारा डोकावला आणि क्षणात तोही ओरडू लागला. “उजवीकडे झुकतोय! अहो, उजवीकडे!” खरंच, माझा पाय शेवाळावर सटकला. बस कलली, आतली माणसं किंचाळली. धाकटीने माझे दोन्ही हात डोक्यावर नेले, थोरलीने गुडघा खडकावर टेकवला, दात-ओठ खाऊन उठवलं आणि मी काठावर! माझ्या टाकीतलं तेल आनंदाने उकळलं. दोघी एकमेकींना मिठी मारून अशा नाचल्या की टेबलावरचे शर्ट खाली.

सुताराने घाम पुसून पुन्हा विचारलं, “मग भिंत?”

“भिंत कसली?” थोरली म्हणाली. “मध्ये फळ्या आल्या तर हिला ऐकू कसं येणार, कधी वाकायचं ते?”

धाकटी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. कोट अजून सापडलेला नाही. आता त्या दोघी मिळून शोधतात.

आता माझ्या नाकाला पोचे आहेत, चाल थोडी लंगडी आहे, पण मी मजेत आहे. सुतारही येऊन आपली पाळी मागतो. तुमच्या फोनात आलो, तर दोन पावलांत पुसू नका हो मला! घरात कुणी रुसलेलं असेल, तर माझे पाय त्याच्याकडे द्या.

बरं, निघतो. आज डोंगर चढायचाय. थोरलीने इंजिन तापवलंय, धाकटीने माझ्या मुठी आवळल्यात. सरका, सरका, आलो!