चौथं मोजमाप

हृदयाच्या सोनोग्राफीच्या फिल्मवरचं नाव झाकलेलं होतं. औषधाच्या चाचणीचा नियमच तसा. मूल कुणाचं, त्याला नवं औषध मिळतंय की नुसतीच साखरेची गोळी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडल्या की हृदयाचा उजवा कप्पा जोर लावून लावून फुगतो. तो किती फुगलाय, एवढंच तिने बघायचं. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची, पुढची फिल्म घ्यायची.

तीनदा मोजून झालं. आकडे वाईट होते. तिचा हात पुन्हा माउसकडे गेला.

या खेपेला रेघ जराशी आत सरकली आणि आकडा बरा आला. तेव्हा कुठे तिने माउस सोडला. आपण चौथ्यांदा का मोजतोय?

डाव्या कप्प्यातून तिरका गेलेला केसाएवढा तंतू ओळखीचा होता. काही हृदयांत तो असतो, त्रास काही देत नाही. हा मात्र ताईच्या मुलीचा होता. पहिल्या तपासणीला तिने तो स्वतःच ताईला दाखवला होता. घरात त्या पोरीला भिंगरी म्हणत. आता ती जिना चढताना मध्येच बसते आणि कुणाला कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधत राहते. तिची फिल्म इकडे यायचीच नाही असं ठरलं होतं. कुणाच्या तरी नजरचुकीने आली.

"काय गं, समाधी लागली का?" शेजारच्या टेबलावरून मैत्रिणीने विचारलं. ती याच कामावर होती.

"ही तू मोज. मी ओळखली."

मैत्रिणीचं हसू मावळलं. "आणि आकडे?"

"रद्द करायला सांगते. चार आहेत."

"चार?"

"तिसऱ्यावर समाधान झालं नाही माझं."

मैत्रिणीने आपली खुर्ची जवळ ओढली. "वर कळवावं लागेल."

"मीच कळवते. चौथ्यासकट."

तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. पाठीमागे माउस वाजत राहिला, मग थांबला. तिने विचारलं नाही, मैत्रिणीनेही सांगितलं नाही.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. भिंगरीला घेऊन ताई जिन्याच्या तळाशीच भेटली.

"औषधाचं काही कळलं का गं? तुझ्याच तर हातात आहे सगळं."

"माझ्या हातात नाही, ताई. तिचे डॉक्टर या आठवड्यात तपासणार आहेत, ते सांगतील."

ताईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग हातातली पिशवी सावरून ती पुढे चढून गेली.

भिंगरी एव्हाना निम्म्या जिन्यावर जाऊन बसली होती, ओठ निळसर, बोटं नाडीत. मावशी तिच्या शेजारी टेकली.

"माझीपण बांधायची राहिलीय."

"तुझी तर बांधलेली आहे."

"थांब, सोडते," मावशी म्हणाली, आणि सावकाश, अगदी सावकाश, गाठ सोडवू लागली.