शिवून ठेवलेलं शेवटचं प्रकरण

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई दुकानात शिरल्या तेव्हा मला वाटलं, मापं द्यायला आल्या असतील. मी गळ्यातली टेप काढली. त्यांनी बेतायच्या टेबलावर दोन-तीन पुस्तकं आपटली.

"हे तुमचंच काम ना? नाही म्हणू नका. माझ्या पडद्यांनाही हेच पांढरे टाके राहिले होते."

पुस्तकं भुतांची होती, बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली. काळं मुखपृष्ठ, खिडकी, खिडकीत कुणाचा तरी हात. प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण कडेनं कच्चे टाके घालून बंद केलेलं. टाके सरळ होते, तेवढं मी गुपचूप पाहून घेतलं.

"अशी अजून ढीगभर आहेत. मुलं रडकुंडीला आलीत," बाई म्हणाल्या. "एक जण म्हणतो, नायक कपाटात अडकलाय आणि कपाटच उघडत नाही. उद्या दुपारी दोघी या आणि माझ्यासमोर उसवून द्या. पानं फाटलेली मला चालणार नाहीत."

दोघी म्हणजे मी आणि टिटवी. टिटवी माझ्या ताईची मुलगी. आवाज असा की कुजबुजली तरी समोरच्या दुकानात ऐकू जावं, म्हणून हे नाव. ताई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून टिटवी शाळा सुटली की माझ्याकडे येते आणि भावजी कामावरून येऊन तिला घेऊन जाईपर्यंत इस्त्रीच्या टेबलाखाली बसून भुतं वाचते.

भावजींना ते मुळीच आवडत नाही. "घरात एवढं झालं आणि हिला भुतंच सुचतात," म्हणतात. मीही आधी तिला फैलावर घेत असे. एकदा ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, यात गेलेली माणसं परत येतात."

दुसऱ्या दिवसापासून मीच तिला मोठ्यानं वाचायला लावलं. मी मशीन चालवायची, ती वाचायची. ट्रायलच्या खोलीत एखादी गिऱ्हाईक अर्ध्या बाहीत अडकलेली असायची आणि टिटवी नेमकी तेव्हाच माळ्यावरून कुणाला तरी खाली उतरवायची. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. तुटू देत म्हटलं. मलाही ऐकायचं असायचं. कुणीतरी परत येतंय, दार वाजवतंय, नावानं हाक मारतंय, हे ऐकताना माझा पाय मशीनवर हळू व्हायचा.

शेवटचं प्रकरण मात्र ती वाचत नसे. "शेवटी भुताला शांती मिळते आणि ते जातं. नेहमीच. मला नको." पण हात आपोआप पुढच्या पानाकडे जातो, अशी तिची तक्रार होती. मग मी पुस्तक आणल्या आणल्या शेवट शिवून टाकायला लागले.

ते उसवून परत द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या दुकानात ताई बेतायची, मी शिवायची, आणि कपडा द्यायच्या आधी कच्चे टाके उसवायची तीही ताईच. ती गेल्यापासून ते काम राहूनच जातं. लोक बाहीला पांढरा दोरा लोंबत घरी जातात आणि तोंड वाकडं करून परत येतात. मी दर वेळी ठरवते आणि दर वेळी विसरते.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाचनालयात मुलांच्या विभागात बसलो. खुर्च्या एवढ्याशा की माझे गुडघे हनुवटीला टेकले. मी बारीक कात्रीनं टाका कापायचा, टिटवीनं दोरा ओढायचा. पानांत डोकावायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. वॉशिंग मशीनच्या गोष्टीपाशी ती थांबली.

ती गोष्ट दोघींची लाडकी. एका मुलाला कपडे फिरताना मशीनच्या गोल काचेत गेलेली आई दिसते, म्हणून तो रोज मुद्दाम चिखलात लोळतो.

"मावशी, हे वाचू?"

"कशाला? काय होतं ते माहीत आहे. ठेव ते आणि दुसरं घे."

"मला बघायचंय, ती कशी जाते. आई गेली तेव्हा मला दवाखान्यात बाहेर बाकावर बसवलं होतं."

मी आत होते. मला अजिबात ऐकायचं नव्हतं, पण तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मी शेवटचा टाका कापला.

आयुष्यात पहिल्यांदा टिटवी हळू आवाजात वाचत होती. काचेतली आई मुलाला म्हणाली, "रोज धुवून धुवून शर्ट विरलाय रे. आता वाळत घाल." तो नको नको म्हणत राहिला. मशीन थांबलं. काचेत ओला शर्ट तेवढा उरला. त्यानं तो बाहेर काढला, झटकला आणि दोरीवर टाकला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. टिटवी कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

"आई अशी गेली?"

"नाही गं. ती काही बोलली नाही. झोपेतच होती. मी तिचा हात धरून बसले होते. सारखं वाटत होतं, आता उठेल आणि म्हणेल, तो पंखा कमी कर आधी."

"मग?"

"मग काय. उठली नाही. मी अजून वाट बघते तिची."

टिटवीनं खुर्ची ओढली आणि मला चिकटून बसली.

"मी पण," ती म्हणाली.