लाल झाकणांतली कोशिंबीर

पोपटीबरोबर, म्हणजे शेतात मडक्यात भाजायच्या शेंगांबरोबर, न्यायला कोशिंबिरीइतकं सोपं काही नाही, असं ऑफिसच्या ग्रुपवर ठरलं आणि कोशिंबीर रियाच्या वाट्याला आली. निकेशने कांदा-लिंबू घेतलं, निनाद सरांनी ताक आणायचं कबूल केलं. तांदळाच्या भाकऱ्या दिपिकाच्या घरूनच येणार होत्या, कारण पोपटी लागणार होती तिच्याच शेतावर, पळस्प्याच्या पुढे. ग्रुपवर दिपिकाने सगळ्यांना उत्तरं दिली, फक्त रियाने विचारलं, "दही गोड चालेल ना?" त्यावर ती काही बोलली नाही. मागच्या आठवड्यापासून ती रियाशी बोलतच नव्हती.

दोघी पनवेलमधल्या एका पाणी तपासायच्या लॅबमध्ये एकाच टेबलावर काम करत. एकीने आकडा काढायचा, दुसरीने पडताळून सही करायची, असा तिथला नियम. मागच्या सोमवारी एका सोसायटीच्या बोअरिंगच्या पाण्यात क्षार फार जास्त निघाले. आकडा दिपिकाने काढला होता. रियाने तो बघितला आणि निनाद सर शेजारी उभे असतानाच म्हणाली, "एवढा कसा येईल? रंग बदलताना हात हलला असेल तुझा."

दिपिकाचा हात. ज्या हातातून ब्युरेटच्या काचनळीतला अर्धा थेंबसुद्धा मागितल्याशिवाय पडत नसे. दिपिका नमुन्याची बाटली रियापुढे सरकवून डबा खायला निघून गेली. रियाने दुपारी तीच चाचणी स्वतः केली. पिवळं पाणी विटकरी झालं तेव्हा आकडा तोच आला. तिने सही केली, कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि गप्प राहिली. उद्या सांगू, असं त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी दिपिकाने आपलं स्टूल टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं होतं, मग सांगायला तोंडच उघडेना.

म्हणून कोशिंबीर नीट व्हायलाच हवी होती. का, ते रियालाही धड सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की आज दिपिकाच्या शेतावर तिच्या हातून काही बिघडलं, तर टेबलाचं ते टोक कायमचं तिकडेच राहील.

तिने सकाळपासून विचार केला. मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं. पळस्प्याला पोचेपर्यंत नुसतं पिठूळ पाणी उरेल. तेव्हा काकडी वेगळी, दही वेगळं, दाण्याचं कूट, मिरची आणि मोजलेलं मीठ वेगळं. घरातले डबे गळके. कपाटात मात्र तिने मागे कधीतरी विकत आणलेल्या नव्याकोऱ्या बाटल्या होत्या, लाल झाकणाच्या, निर्जंतुक, उलट्या धरल्या तरी थेंब न गळणाऱ्या. तिने त्या भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर नाव आणि तारीख घातली. साधे शेंगदाणे संपले होते म्हणून पाकिटातले वापरले. रिक्षात बसल्यावर तिने पिशवी मांडीवर घेतली आणि दर खड्ड्याला झाकणं चाचपली.

शेतावर पोचली तेव्हा मडकं भरून झालं होतं. दिपिकाचे बाबा, कमळाकरकाका, मडक्याच्या तोंडात भांबुर्ड्याचा पाला कोंबत होते. आत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी. त्यांनी मडकं उपडं केलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि काडी लावली. उग्र, ओव्यासारखा वास सुटला. दिपिका पेंढा पुरवत होती. रियाकडे तिची पाठ होती.

"काही मदत करू?" रियाने विचारलं.

"बस ना पोरी, पाहुणी हायस तू," काका म्हणाले. दिपिका पेंढ्याची दुसरी पेंडी आणायला गेली.

रिया बसली, उठली, बांधावर जाऊन आली, परत बसली. काकांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, कान दिला आणि मान हलवली. अजून नाही. काय ऐकू आलं, ते रियाला विचारायचं होतं. पण आज प्रश्न नकोत असं तिने ठरवलं होतं. तिने पिशवी उघडून बाटल्या चटईवर मांडल्या.

निकेश लिंबं कापत होता. त्याचा हात थांबला.

"हे कुठल्या गटारातलं आणलंस?"

"कोशिंबीर आहे."

"मग ही खाडी असणार." त्याने दह्याची बाटली उचलून उजेडात धरली. "सर, गढूळपणा बघा."

निनाद सर हसले, पण त्यांनी आपली ताटली जरा मागे ओढली. तेव्हा रियाला कळलं. लॅबमध्ये रोज सकाळी अशाच बाटल्यांतून सांडपाणी यायचं. यातलं काही तोंडाजवळ न्यायचं नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवलेलं, आणि इथे जमलेल्या सगळ्यांच्या ते हाडात मुरलेलं.

"नव्या आहेत," ती म्हणाली. "सीलसुद्धा मी आज फोडलं."

"आम्हाला माहितीये गं," सर म्हणाले. "पण डोळ्यांना कोण समजावणार?"

तिने तरीही तिथल्याच एका पातेल्यात सगळं कालवलं. काय करणार, हात रिकामे ठेवणं त्याहून अवघड होतं. तिकडे काकांनी मडकं फोडलं, वाफाळता ढीग पेपरवर सांडला, आणि सगळे शेंगा सोलायला बसले. भाकरी फिरली, कांदा फिरला. पातेलं जिथल्या तिथे राहिलं. रियाने एक शेंग सोलली आणि दाणे हातातच धरून बसली.

दिपिका समोरून उठली, चमचा घेऊन आली आणि पातेल्यापाशी उकिडवी बसली. तिने एका बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मग चमचाभर कोशिंबीर तोंडात टाकली, सगळे बघत असताना.

"खारट हाय," ती म्हणाली. आणि मग, अगदी शांतपणे, "हात हलला असेल तुझा."

निकेशने लिंबाकडे बघितलं.

रियाने चाखून बघितलं. खारटच होती. मीठ तिने काट्यावर मोजलं होतं, हिशोब बरोबर होता. फक्त पाकिटातले दाणे खारे होते, आणि ते हिशोबात नव्हते. हे कारण तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. तिने ते गिळलं.

"हो, हलला," ती म्हणाली, आणि आवाज सरांपर्यंत जाईल इतका चढवला. "तुझा नव्हता हलला. त्या बोअरिंगच्या पाण्याची चाचणी मी दुपारी पुन्हा केली. तुझाच आकडा आला. मी कोणालाच सांगितलं नाही."

निनाद सरांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. "कागदावर सही होती, मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल."

"नव्हतं झालं," रिया म्हणाली.

दिपिकाने ढिगातून दोन बटाटे उचलले, हात भाजले तसे या तळव्यातून त्या तळव्यात उडवले आणि सालीसकट पातेल्यात कुस्करले.

"बटाटा वढून घेतो मीठ," ती म्हणाली.

ओढून नाही घेत, जिन्नस वाढला की फक्त मिठाचं प्रमाण उतरतं, असं रिया म्हणणार होती. त्याऐवजी तिने पातेलं धरून ठेवलं. दिपिकाने कालवलं, स्वतः चाखलं आणि चमचा तिच्याकडे दिला.

"घे. पडताळणी कर."

रियाने घास घेतला. गरम बटाटा, गार दही, मागून भांबुर्ड्याचा कडवट वास. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं. छान झालीये म्हणायचं आणि विषय मिटवायचा, इतकं सोपं होतं.

"अजून थोडी खारट आहे," ती म्हणाली.

निकेशने कपाळावर हात मारला.

"बाबा," दिपिका मागे न बघता म्हणाली, "आजून एक बटाटा द्या हिकडं. हिला एकदात पटायचं नाय."

आणि रियाला जागा व्हावी म्हणून ती चटईवर जरा सरकली.