घसरेल त्याने भांडी घासायची

“पडला का?” जिन्याच्या वरच्या पायरीवरून कुसाकाने विचारलं. केस उभे, अंगात नुसती लोकरीची बंडी आणि चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा.

“पडला,” किकुए म्हणाली. ती दारात उभी राहून कोटावरचा बर्फ झटकत होती. “चार बोटं.”

“मेलो! काकू, आजच पडायचं होतं का मेल्याला?”

वरच्या खोल्यांची दारं धडाधड सरकली. चाळिशी-पन्नाशीतली शहाणीसुरती माणसं खिडक्यांना नाक लावून उभी राहिली आणि डोंगरावर पसरलेला तो मऊ, पांढराशुभ्र ताजा बर्फ पाहून त्यांनी असे सुस्कारे सोडले, की नवख्याला वाटावं घरात काहीतरी विपरीत घडलंय.

कामिसावात बर्फ पडला की सगळ्यांना आनंद होतो. दुकानदाराला होतो, दोरावरच्या पाळण्यांतून लोकांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवाल्यांना होतो, शाळेतल्या पोरांना तर होतोच. कपाळाला हात लावतात ती फक्त किकुएच्या शिबिराची माणसं. त्यांना हवा असतो फरशीसारखा घट्ट दाबलेला बर्फ. त्यावर ही मंडळी कडक बूट घालून, बर्फावरून घसरायचा लांब अरुंद बोर्ड असा आडवा पाडतात की हात जमिनीला टेकतो. मग बोर्डाची फक्त कड बर्फात रुतते आणि मागे वळणावळणाची एक बारीक रेघ उरते. रेघ ब्लेडने ओढल्यासारखी निघाली तर माणूस जिंकला. जरा पसरली, फरफटली, तर तो घसरला. आणि घसरेल त्याने रात्री सगळ्यांची भांडी घासायची, हा शिबिराचा पहिला नियम. दुसरा असा, की दुसऱ्याची रेघ कापून जायचं नाही. आणि तिसरा, रोज सकाळी कोऱ्या उतारावर पहिली रेघ ओढायचा मान शिबिरात सगळ्यात नव्या माणसाचा. कुणी कितीही मोठा असो, त्याने वर थांबून बघायचं.

तिन्ही नियम किकुएने केलेले. शिबिरही तिनेच उभं केलेलं. नवरा गेल्यावर तिच्या राहण्या-जेवणाच्या खानावळीच्या खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा कुसाका नावाचा ओसाकाचा एक दातांचा डॉक्टर चुकून तिच्याकडे उतरला होता. त्याचं ते आडवं होऊन जाणं बघून किकुए विस्तवावर ठेवलेली कढई विसरली. पुढच्या वर्षी तो चार मित्र घेऊन आला, आणि बघता बघता ते गावाचं एक लग्नघर झालं. उताराची परवानगी किकुए काढणार, सामानाला गाडी ती पाठवणार, कुणाचा बूट चावला तर पट्टी तीच लावणार, आणि दिवसभर उताराच्या पायथ्याशी कॅमेरा धरून प्रत्येकाचं चित्रण करणार. संध्याकाळी जेवताना सगळे ते बघत आणि एकमेकांची यथेच्छ उडवत. त्या इतक्या वर्षांच्या चित्रणात किकुए कुठेच नव्हती.

तिला बोर्डावर उभं राहता येतं एवढं सगळ्यांना माहीत होतं. घोड्यावरून पाणी नेणाऱ्याला घोडा माहीत असतो तसं, असं ते समजत. पण लिफ्ट बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या पाळण्यात बसून, पाहुणे आंघोळीत असताना, ती वर जायची आणि सबंध उतार एकटी उतरायची, हे कुणाला माहीत नव्हतं. दिवसभर चोपलेल्या, खरवडलेल्या बर्फावर, अंधूक उजेडात. किकुएची एकच इच्छा होती, आणि ती तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. एकदा, लख्ख उजेडात, आपल्या लोकांसमोर, कोऱ्या उतारावर पहिली रेघ आपली असावी.

आज शिबिराचा शेवटचा दिवस होता. आणि डोंगराचाही. दुपारी बाराला लिफ्ट थांबणार होती ती कायमचीच. लोक येत नाहीत, चालवणं परवडत नाही, असं वरून ठरलं होतं. म्हणून यंदा जुने-नवे सगळे आले होते, आसपासच्या खानावळीतही माणसं उतरली होती. आणि आता हा चार बोटं बर्फ.

इवाओ बर्फ दाबायच्या गाडीत बसून चहा पीत होता. अडुसष्ट वर्षांचा, खडूस म्हणून पंचक्रोशीत नाव काढलेला माणूस. त्याने किकुएला येताना पाहिलं आणि काच अर्धीच खाली केली.

“नाही,” तो म्हणाला.

“मी अजून काही बोललेसुद्धा नाही, इवाओसान.”

“परत दाबून द्या म्हणणार. मालकीणबाई, काल रात्री मी असा दाबलाय की त्यावर चेंडू टाकला तर उसळेल. आता वरनं गाडी घातली तर नवाजुना एक होऊन लापशी होईल. ती घट्ट व्हायला तीन-चार तास. तोवर ऊन येणार आणि बारा वाजणार.”

“म्हणजे खाली तुमचा कालचा बर्फ अजून तसाच आहे?”

“कुठं जाणार? झोपलाय पांघरूण घेऊन.”

किकुए उताराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग पांघरूण ओढून काढलं तर?”

इवाओने कप खाली ठेवला. “कशानं? केरसुणीनं?”

“बोर्डांनी. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि बोर्ड आडवे धरून घसरत खाली यायचं. शर्यतीच्या आधी करतात तसं. नवा बर्फ खाली ढकलला जाईल.”

“घसरत?” इवाओ खदखदून हसला. इतक्या वर्षांत किकुएने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. “तुमची ती माणसं? घसरत? अहो, एक वेळ ती कपडे काढून येतील!”

तो म्हणाला ते काही खोटं नव्हतं. किकुएने घरी परत जाऊन बेत सांगितला तेव्हा चाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. घसरायचं नाही एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभराच्या सुट्ट्या खर्ची घातल्या होत्या.

“काकू,” कुसाका शेवटी म्हणाला, “आज रात्री भांडी कुणी घासायची मग?”

“सगळ्यांनी.”

“तुम्ही पण?”

“मी पण घसरणार आहे ना!”

हशा पिकला आणि बेत मार्गी लागला. खांद्याला खांदा लावून मंडळी उताराच्या माथ्यावर उभी राहिली. किकुए मधोमध. तिने हात वर केला आणि सगळे आडवे बोर्ड खरवडत निघाले. असा आवाज त्या डोंगराने कधी ऐकला नसेल. “ए, ओळ मोडू नका रे!” “कुसाकासान, दात काढता तसं काढताय, हळू!” “अरे, माझ्या बायकोने बघितलं तर घटस्फोट देईल!” पुढे बर्फाचा बांध साचत गेला, पायाच्या पोटऱ्या पेटल्या, तरी कुणी ओळ सोडेना. खाली आले की पाळण्यात बसून पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला खालचा, काल दाबलेला बर्फ दिसायला लागला, बारीक कंगवा फिरवल्यासारखा. तिसऱ्या खेपेनंतर उतार मोकळा झाला. कुठे कुठे खरचटला होता, पण घट्ट होता. किकुएने टाच आपटून बघितली. टक् असा आवाज आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने वाऱ्यावर ढकललं.

मग ती नेहमीसारखी कॅमेरा काढून कडेच्या वाटेने खाली जायला निघाली. “चिनात्सु, तू तयार राहा. मी खालून हात केला की निघ.”

चिनात्सु सेंदाईच्या इस्पितळात नर्स होती, शिबिरातली सगळ्यात नवी. कमी बोलणारी. तिने बुटाचा चाप लावला, मग उघडला.

“पहिला मान माझा ना, काकू?”

“अर्थात.”

“म्हणजे त्याचं काय करायचं ते मी ठरवणार?”

“हो. पण...”

“मग तो मी तुम्हाला दिला.”

“असं चालत नाही,” किकुए घाईने म्हणाली. “नियम आहे.”

“नियमात देऊ नये असं कुठं आहे? काल मी माझा हातमोजा लिफ्टपाशी विसरले म्हणून उशिरा परत आले होते. शेवटच्या पाळण्याच्या वेळी,” चिनात्सु म्हणाली. “मी बघितलंय तुम्हाला.”

कुसाका एकदा तिच्याकडे, एकदा किकुएकडे बघायला लागला. किकुएच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. “आणि चित्रण कोण करणार?” ती म्हणाली. तिच्याजवळ तेवढंच एक कारण शिल्लक होतं.

“इकडे द्या तो डबा,” मागून आवाज आला. इवाओ कडेच्या वाटेने गाडी वर घेऊन आला होता. इतक्या वर्षांत हा माणूस कधी लोकांत मिसळला नव्हता, आणि आता हात पुढे करून उभा होता. “मला जमतं.”

“तुम्हाला येतो का चालवायला?”

“मालकीणबाई, मी नऊ टनांची गाडी चालवतो.”

तो खाली गेला, पायथ्याशी उभा राहिला आणि त्याने हात केला. किकुएने कुणाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचं धैर्य गेलं असतं. ती डाव्या बाजूने, झाडांच्या कडेने निघाली. पहिल्या वळणाला तिला वाटलं, आपण घसरणार. इतक्या लोकांसमोर, आणि तेही आज. मग बोर्डाची कड बर्फात रुतली, आणि बर्फाने तिला धरून ठेवलं. दिवसभर चोपलेल्या बर्फाने असं कधी धरलं नव्हतं. ती आडवी झाली, हात जमिनीच्या इतका जवळ गेला की मोज्याच्या टोकाला दाबलेल्या बर्फाचे कंगोरे कुरकुरत लागले. उठली, दुसऱ्या बाजूला पडली, पुन्हा उठली. तिला कसली आठवण आली नाही, कुणाचा चेहरा दिसला नाही. नुसता आनंद झाला, लहानपणी व्हायचा तसला, बिनकामाचा. खाली पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच बारीक रेघ गेली होती, कुठेही न पसरता.

वर कुसाकाने दोन्ही हातांनी बोर्ड डोक्यावर धरला आणि बोंब ठोकली.

बारा वाजेपर्यंत सगळे मनसोक्त खेळले. त्या डाव्या पट्ट्यात कुणी गेलं नाही. बाराला लिफ्टचा शेवटचा पाळणा रिकामाच आला आणि थांबला. दोरावर जरा हलत राहिला. सगळ्यांनी डोंगराला वाकून नमस्कार केला. किकुएने मुळा आणि डुकराचं मांस घातलेलं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप वाढलं, भाताचे गोळे वाटले, आणि रडणाऱ्यांना दुसरी वाटी दिली.

संध्याकाळी जेवणघरात चित्रण लावलं. पडद्यावर आधी इवाओचा अंगठा आला. मग आभाळ. मग बराच वेळ त्याचे स्वतःचे बूट. सगळे पोट धरून हसत होते. “नऊ टनांची गाडी!” कुसाका ओरडला. किकुएसुद्धा हसली, पण तिचा चेहरा थोडा उतरला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “श्श, ऐका.” त्या बुटांच्या मागून इवाओचा श्वास ऐकू येत होता, आणि मग दबका आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा. “वळली. अगं, वळली. हां. हां. शाब्बास गं बाई. रोज मी हीच रेघ पुसत होतो. शाब्बास.”

इवाओ जेवायला आला नव्हता. किकुए उठली आणि भांड्यांकडे गेली, आणि नियमाप्रमाणे चाळीसही जण तिच्यामागे गेले. एवढ्याशा मोरीत माणसं मावेनात. कुणी घासत होतं, कुणी पुसत होतं, बाकीचे नुसतेच दाटीवाटीने उभे होते.

बाहेर इंजिनाचा आवाज आला. खिडकीतून दिव्याचा उजेड उतारावरून सरकताना दिसला.

“इवाओसान दाबतायत की काय?” चिनात्सु म्हणाली. “उद्या कोण येणार आहे?”

“कोणी नाही,” किकुए म्हणाली.

गाडी वर गेली, खाली आली, वर गेली. रोज रात्री जायची तशीच, सावकाश, एकाला एक लागून पट्टे ओढत. सगळ्या दिवसाच्या रेघा पुसत. अर्ध्या-पाऊण तासाने ती थांबली, आणि इवाओ बूट आपटत मागच्या दाराने आत आला. कुणाशी न बोलता टेबलाशी बसला. किकुएने त्याच्यापुढे गरम सूप ठेवलं.

“झाडांच्या बाजूचा एक पट्टा राहिला तुमचा,” ती म्हणाली.

“तेल संपलं.”

“तेल संपलं, तर गाडी परत कशी आणलीत?”

इवाओने सुपात तोंड घातलं. मग वाटीआडून म्हणाला, “मुळ्याचं लोणचं आहे का?”

तिने बरणी काढली, वाटीभर लोणचं त्याच्यापुढे ठेवलं. मग ती पुन्हा मोरीपाशी गेली, ओल्या मनगटाने खिडकीवरची वाफ पुसली आणि बाहेर बघितलं. चांदण्यात सबंध डोंगर उद्यासाठी असावा तसा नीट दाबलेला होता, आणि झाडांच्या कडेला तिची रेघ होती.

“काकू, कढई द्या इकडे,” कुसाका म्हणाला.

“थांब जरा,” किकुए म्हणाली.