वालखारची नोंद

"मॅडम, जरा इकडून बघा. तिथून उजेड पडतोय त्यावर," म्हणत मोनालीने पाटीवर टाकलेला वर्तमानपत्राचा कागद अलगद उचलला.

निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. पावसाळी हवेने रंग अजून पुरता वाळला नव्हता. 'गुणाबाई कोळी वाचनकक्ष'.

चारुताने ते दोनदा वाचलं. गुणाबाई कोळी म्हणजे तिची आजी, बाबांची आई. उभं आयुष्य पनवेलच्या बाजारात म्हावरं-मासळी विकलेली आणि त्या आयुष्यात एक अक्षर न वाचलेली.

"हे कुणी ठरवलं?"

"मीच!" मोनालीचा चेहरा फुलला होता. "परवा तपासणी समिती येतेय. प्राचार्य म्हणाले, कोळी सरांच्या नावाने काहीतरी करू. पण जुने लोक म्हणाले, सरांना स्वतःच्या नावाचं काही आवडलं नसतं. मग मी वालखारची नोंद वाचली आणि म्हटलं, अरे, सरांच्या आईचंच नाव देऊ या की! आजींना आणायला गाडीही सांगितलीय."

जगन कोळी या कॉलेजात चोवीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यांना जाऊन आज सहा वर्षं झाली. दर वर्षी पंधरा जुलैला चारुता त्यांच्या नावाने दोन पुस्तकं ग्रंथालयाला द्यायला येई, तशी आजही आली होती. मोनाली त्यांच्यानंतर तीन वर्षांनी इथे ग्रंथालयात लागली. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी कोळी सर म्हणजे संदर्भविभागाच्या कपाटाशेजारी लावलेला, त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागद. 'संदर्भासाठी कोठे पाहावे' असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली विश्वकोश, शब्दकोश, गॅझेटियर अशी तेरा नावं आणि चौदावं नाव वेगळ्या शाईत: इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, ज्यात कुणीही उठून लिहू शकतं.

ते चौदावं नाव घातलं तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर खेचली गेली होती. "कोळी, आता नाक्यावरच्या पानवाल्याचंही नाव घाला यादीत," असं कुणीतरी म्हणालं. बाबा म्हणाले होते, "त्याला माहीत असेल तर घालीन की. फक्त त्याने सांगितलेलं मी दुसरीकडे तपासून घेईन." आणि मग त्यांनी यादीखाली तीन ओळी वाढवल्या होत्या. इथून सुरुवात करावी, इथे थांबू नये. पाहिले तो दिवस व वेळ लिहावी. एका ठिकाणी वाचलेले दुसऱ्या ठिकाणी तपासावे.

मोनालीने कॉम्प्युटरवर वालखारची नोंद उघडली. खाडीकाठचं छोटं गाव, मुख्य व्यवसाय मासेमारी, आणि मग ते वाक्य: 'गावातील पहिले वाचनालय १९५८ साली गुणाबाई कोळी यांनी सुरू केले.'

वालखारचं वाचनालय चारुदत्त गुरुजींनी सुरू केलं होतं. शाळेच्या ओटीवर, एका पत्र्याच्या पेटीत, चाळीस पुस्तकांचं. ही गोष्ट तिने बाबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की लहानपणी तिला ती पेटी घरातलीच वाटे. तिचं स्वतःचं नावही बाबांनी गुरुजींच्या नावावरूनच ठेवलेलं होतं.

"मी दोन ठिकाणी तपासलं हं, मॅडम. सरांचा नियम." मोनालीने एक कात्रण पुढे केलं. खाडीकाठच्या गावांवरची तीन वर्षांपूर्वीची कुठलीशी पुरवणी. त्यातही तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. पुरवणीने ते नोंदीतून उचललं होतं आणि आता नोंदीच्या तळाशी आधार म्हणून त्याच पुरवणीचं नाव होतं.

"हे लिहिलं कुणी, ते कळतं का?"

"कळतं की. इथे इतिहासात सगळं राहतं. आधी काय होतं, कुणी बदललं, कधी बदललं. पाहिजे तर इथूनच पूर्ववत पण करता येतं." मोनालीने एक-दोनदा टिचकी मारली. "हे बघा. जगन-वालखार. म्हणजे सरच ना? अकरा जुलै दोन हजार आठ, दुपारी बारा पंचेचाळीस."

त्या दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. डावीकडे चारुदत्त वैद्य, उजवीकडे गुणाबाई कोळी. बाबांनी एक नाव काढून दुसरं घातलं होतं.

एकदा एका प्राध्यापकांना पृष्ठक्रमांक एका आकड्याने चुकीचा सांगितला गेला, म्हणून हा माणूस भर पावसात त्यांच्या घरापर्यंत चालत गेला होता.

"मॅडम, काही चुकलं का?"

"तुमचं नाही," चारुता म्हणाली. "पण ती पाटी उद्या संध्याकाळपर्यंत झाकूनच ठेवा."

सुकापूरला घरी आल्यावर तिने आईच्या कपाटाचा खालचा खण उघडला. आई, सुमती, दारात येऊन उभी राहिली.

"ती पिशवी? सहा वर्षांत हात नाही लावलास तू तिला."

सहा वर्षांपूर्वी, पंधरा जुलैच्या त्या मंगळवारी सकाळी बाबा पनवेलच्या एसटी स्टँडवर बाकावर बसले होते, मांडीवर हीच पिशवी घेऊन. लोकांना वाटलं, डुलकी लागली आहे. त्यांची गाडी लागली आणि सुटलीही. चारुता तेव्हा पुण्याला एम.ए. करत होती. ती पोचली तेव्हा पिशवी आईच्या हातात होती, आणि आईने ती तशीच कपाटात ठेवून दिली होती.

चष्मा. रुमाल. लाल पेन्सिल. रोजनिशी. रोजच्या कामांची एकेक ओळ आणि काम झालं की पुढे लाल पेन्सिलीची खूण. पानांमागून पानं लाल खुणा होत्या. चारुताने अकरा जुलै काढला.

'एफ.वाय.च्या मुलांना ज्ञानकोश दाखवला. कुणीही बदलू शकतो हे पटेना. समोर करून दाखवले. वालखारच्या नोंदीत गुरुजींचे नाव काढून आईचे घातले. दुसरे नाव पटकन सुचले नाही. मुले हसली. बुधवारपर्यंत कुणी दुरुस्त करते का पाहायचे. न केल्यास बुधवारी मुलांसमोर पूर्ववत करणे. तोवर गुरुजींची क्षमा.'

ती पुढे सोळा जुलैच्या पानावर गेली. 'वालखार नोंद पूर्ववत करणे.' एवढी एकच ओळ. पुढची जागा कोरी.

चारुता कपाटाला टेकून खाली फरशीवर बसली. बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांना फक्त बुधवार मिळाला नव्हता. दुपारपासून छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं, आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं, ते हलेना.

आईने रोजनिशी वाचली. आपल्या चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या, पुन्हा वाचली.

"राहू दे ना तसंच," ती हळूच म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय, चारू? गुरुजी गेले, त्यांच्या मागे कुणी नाही. सासूबाईंनी मात्र जन्मभर टोपली वाहिली. पोरगा गेला डोळ्यांदेखत. एक पाटी लागली त्यांच्या नावाची तर लागू दे."

आई म्हणत होती ते चारुताच्याही मनात येऊन गेलं होतं. तिने शेवटची ओळ बोटाने दाखवली. तोवर गुरुजींची क्षमा.

"हे 'तोवर' सहा वर्षं चाललंय, आई."

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. वालखारला आजीच्या अंगणात दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं, लग्नाकार्याला नेसायचं. डब्यातली सुकट दमट होऊ नये म्हणून आजीने ती सुपात काढून उन्हाला ठेवली होती.

"कवा आलीस गो बाय? गाडी उद्या येनार हाय ना?" आजी म्हणाली. "त्या पोरीनी फोन केलाता. जगनच्या कालेजात कायतरी हाय म्हनं. मी लुगरं धुवून टाकलं."

ब्याऐंशी वर्षांच्या आजीला वाटत होतं की समारंभ जगनसाठी आहे. चारुता तिच्याजवळ पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. पाटीवर कुणाचं नाव आहे, ते का, आणि ते कसं आलं.

आजी आधी हसली. दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू.

"मी वाचनाले काडलं? मी? मला एसटीची पाटी वाचता येत नाय! कंडक्टरला इचारून चढलेली मी. येडा का काय तो!"

"मुलांना दाखवायला केलं गं त्यांनी. पाच दिवसांसाठी."

"आनि गुरुजींचं नाव काडलंन?"

"हो."

आजीचं हसू थांबलं. सुपातल्या सुकटीतून तिने एक काडी वेचून बाजूला टाकली.

"ती पेटी गुरुजी खाडीतनं व्होरीत बसून घेऊन आलं व्हतं. उतरताना चिखलात घसरलं, कंबरेपरत गेलं. पन पेटी डोक्यावर धरली व्हती. आमी बाया बगत व्हतो, हसत व्हतो. मंग मीच जाऊन हात दिला. मी काय केलं? रद्दीचं कागद आनायची म्हावऱ्याखाली घालायला. जगन सांगायचा, आये, थांब, वाचून व्हऊ दे. मंग मी थांबायची. येवरंच."

चारुताने सुपातली आणखी एक काडी वेचली.

"पुस ते," आजी म्हणाली.

"मग पाटी नाही लागणार, आजी. तुझं नाव—"

"पुस म्हनलं ना. दुसऱ्याच्या जाग्यावर कुनी बसतं का? बाजारात बसली असती तर डोस्की फुटली असती." तिने नेसत्या लुगड्याला हात पुसले. "थांब. पयलं दाव मला."

चारुताने पिशवीतून लॅपटॉप काढला, डोंगल लावला. नोंद उघडायला वेळ लागला. तिने आजीचं बोट धरलं आणि पडद्यावर त्या दोन शब्दांवर टेकवलं.

"हे?"

"हे."

"येवरंसं?" आजीने बोट काढलं नाही. "जगननी लिवलंन हे. सोताच्या हातानं."

"हो, आजी."

"कंच्या दिसाला?"

"शुक्रवारी. दुपारी पाऊण वाजता."

"पाऊन वाजता," आजी म्हणाली, "मी त्या दिसाला बाजारातच असंन. कालेजापासून हाकेवर." मग तिने बोट उचललं. काचेवर खवल्याएवढा ओला ठसा राहिला. "हां. आता पुस."

मोनालीने दाखवलं होतं तसं चारुताने केलं. कारण लिहायच्या जागी तिने लिहिलं, 'चूक आमच्या घरची होती.' गुरुजींचं नाव जागेवर आलं. मग तिने मोनालीला फोन करून सगळं सांगितलं. सगळं ऐकून मोनाली म्हणाली, "पेंटर आहे अजून, मॅडम. नाव नीट सांगा. मी लिहून घेते."

फोन ठेवून चारुताने रोजनिशी काढली. सोळा जुलै. लाल पेन्सिल तिने त्या कोऱ्या जागेवर धरली, आणि तिचा हात पुढे जाईना.

"ते काय?" आजीने विचारलं.

"काम झालं की बाबा खूण करायचे."

"मंग कर ना."

"ही शेवटची आहे, आजी. ही केली की त्यांचं काहीच करायचं राहत नाही."

आजीने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून पेन्सिल घेतली. तिने जन्मात पेन्सिल धरली नव्हती. कोयता धरावा तशी मुठीत धरून, रोजनिशी गुडघ्यावर घेऊन, चारुताने दाखवलेल्या जागी तिने एक रेघ ओढली. जरा वाकडी, पण खोल.

"झालं त्याचं काम," ती म्हणाली.

रोजनिशी तिने चारुताच्या हातात दिली, पेन्सिल मात्र दिली नाही. ती कनवटीला खोचली आणि ऊन सरकलं होतं म्हणून सूप उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला गेली. जाताजाता दोरीवरचं हिरवं लुगडं चाचपून पाहिलं.

"वाळलं," ती तिथूनच म्हणाली. "उद्या गाडी येऊ दे गो. गुरुजींची पाटी बगायला मी येनार हाय."